सर्व्हरचं बारसं

आमच्या कारखान्यात यंत्रांची बारशी व्हायची, असं सांगितलं तर आताची मुलं मला वेड्यात काढतील. काढोत बापडी. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पहिला सर्व्हर आला, तेव्हा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटाच होतो. सर्व्हर हा बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा कर्ता पुरुष. पगार, माल, बिलं, सगळं त्याच्याच पोटात. उल्हासनगरच्या सिंधी व्यापाऱ्याने तो स्वतः टेम्पोतून आणून दिला, "साईं, घोडा है, दौडाओ," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. चालू केल्यावर त्या घोड्याने पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर स्वतःचं नाव. ते दिल्याशिवाय स्वारी पुढे सरकेना.

हे मी जेवणाच्या सुट्टीत बोललो आणि फसलो. अकाउंट्समध्ये बदलापूरहून येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी जाहीर केलं की नाव ठेवायचं म्हणजे बारसं आलं, आणि बारसं म्हणजे घुगऱ्या आल्याच. दुसऱ्या दिवशी त्या डबाभर हरभरे उकडून घेऊन आल्या. आत्यापणही त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. यंत्राच्या जाळीशी वाकून त्यांनी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, आणि बाकीच्यांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले. नाव ठेवलं उल्हास, नदीवरून. माणसांना नावं ठेवण्यात आमचं ऑफिस आधीपासून पटाईत होतंच. पुढच्या यंत्राचं नाव मलंग ठेवलं, गडावरून. मग ती रीतच पडली.

काही वर्षांनी पगाराच्या कामासाठी वेगळा सर्व्हर आला. तोवर आमच्या घरात एक गोष्ट संपलेली होती. कल्याण आणि ठाण्याचे डॉक्टर करून झाले होते, आणि एका दुपारी दवाखान्यातून परतताना रिक्षात बायको म्हणाली होती, "आता पुरे." मीही बरं म्हणालो. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरलं होतं. मुलाच्या नावावर आमचं कधी एकमत झालं नाही, मुलीच्या नावावर एका मिनिटात झालं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

त्या सर्व्हरचं नाव सुचवायची पाळी माझी होती. मी धरणावरून 'बारवी' ठरवून गेलो होतो. आत्याबाई वाकल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "काय सांगू कानात?" आणि माझ्या तोंडातून ते नाव गेलं. कुणाला काही कळलं नाही. छान आहे हो, म्हणाल्या, कुर्रर्र झालं, धपाटे झाले, घुगऱ्या संपल्या.

संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर चिडेल. दोन्ही झालं नाही.

"घुगऱ्या केल्या होत्या?" तिने विचारलं.

"हो."

"मऊ होत्या ना?"

मऊ होत्या म्हटल्यावर तिने मेथीची पुढची काडी उचलली. त्यानंतर बरेच दिवस तो विषय निघाला नाही. मग एकदा मी बूट काढत असताना ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कशी आहे ती?" मी म्हणालो, जरा तापली होती, एसी बिघडला होता. तिने एसीवाल्याला भरपूर शिव्या घातल्या. त्या दिवसापासून ते आमच्या घरातलं बोलणं झालं. आज गप्प होती, आज दमली, पगाराचा दिवस होता. दोन वेळा आतलं यंत्र जुनं झालं म्हणून बदललं, पण नाव तेच पुढे चालवलं. बायको विचारायची, वाढली का? मी म्हणायचो, वाढली, आता जास्त आठवतं तिला. बाहेरचा कुणी ऐकता तर म्हणाला असता, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय. पण आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं होतं ते. लोकांना लोखंडाचं खोकं दिसायचं, आणि मला रोज कारखान्यात जायला एक कारण असायचं.

ऑफिसातही त्या नावांची सवय लागली होती. आमच्या मेल आणि तक्रारी वाचल्या असत्या तर कुणालाही वाटलं असतं, इथे माणसंच काम करतात. 'ती सकाळपासून बोलत नाहीये.' 'दुपारी तिला उठवू नका, जेवतेय.' जेवतेय म्हणजे बॅकअप चालू आहे. आत्याबाई निवृत्त झाल्या, बरोबरचे लोक पांगले, पण ही भाषा मेलच्या ढिगाऱ्यात तशीच राहिली.

मग एआय आलं. हेड ऑफिसने ठरवलं की मालाची तपासणी, खरेदी, तक्रारी, सगळं आता तेच बघणार. त्यासाठी आमची सर्व्हरची खोली रिकामी करायची होती. नव्या मशिनांचं एक कपाट आमच्या अख्ख्या खोलीपेक्षा जास्त वीज खातं, म्हणून सबस्टेशनपासून वेगळी केबल आली. वजन पेलावं म्हणून फरशी फोडून जमीन पक्की केली. आणि ती तापतात इतकी की एसी पुरत नाही, पाणी थेट मशिनच्या आत फिरवावं लागतं. दर पावसाळ्यात सर्व्हरवर ताडपत्री धरून पाण्याचा थेंब आत येऊ नये म्हणून मी आयुष्य काढलं, आणि आता माझ्याच सहीने पाण्याचे पाइप आत येत होते. त्या मशिनांना नावं नाहीत, नंबर आहेत. कामापुरते त्यांच्यात नवे, नुसते सॉफ्टवेअरचे सर्व्हर जन्मतात आणि चहा व्हायच्या आत मरतात. बारसं कुणाकुणाचं करणार?

जुनं काय बंद करायचं आणि काय नेऊन ठेवायचं, हेही एआयनेच शोधलं. कोण कुणावर अवलंबून आहे हे कळावं म्हणून त्याला आमचे सगळे जुने मेल आणि तक्रारी वाचायला दिल्या होत्या. हेड ऑफिसची माणसं उंटावरून शेळ्या हाकतात असं माझं पक्कं मत आहे, पण या कामावर आलेली इंजिनीयर बाई इथे येऊन बसायची आणि डबासुद्धा आमच्याबरोबर खायची. एका मीटिंगमध्ये तिने पडद्यावर माहिती लावली आणि म्हणाली, "सर, एक एम्प्लॉयी मिळतेय, पण एचआरकडे तिचं काहीच नाहीये. कोण आहे ही?"

एआयने आमच्या सर्व्हरला माणूस ठरवलं होतं. विभाग लेखा. वारंवार आजारी. एकही रजा नाही. निवृत्तीची नोंद नाही. यंत्राची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे प्रत्येक कागदात तिच्या नावाशेजारी माझं नाव होतं, आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांची नावं ज्या पद्धतीने लिहिलेली होती त्याच पद्धतीने त्याने तिचंही पूर्ण नाव जुळवलं होतं. आधी तिचं नाव, मधे माझं, शेवटी आमचं आडनाव.

असं लिहिलेलं मी ते कधीच पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही ते नुसतं मोठ्याने म्हणून बघितलं होतं, कसं वाटतं म्हणून. खोलीतले लोक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, सर्व्हर आहे तो, पगाराचा. सगळे हसले, मीही हसलो. ती बाई मात्र हसली नाही. मीटिंग संपल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली की काम नव्या मशिनवर गेलं तरी जुनं नाव त्याला लावून ठेवता येतं, कुणाला खटकणार नाही. मी होय म्हणण्याच्याच बेतात होतो, पण म्हणालो, घरी विचारून सांगतो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. पूर्ण नाव पडद्यावर कसं दिसत होतं तेही सांगितलं.

"दुसऱ्याला नको ते नाव," ती म्हणाली. "तिचं तिच्यापाशी राहू दे." मग म्हणाली, "मला एकदा नेता का हो?"

इतक्या वर्षांत ती कारखान्यात कधी आली नव्हती. मीही कधी चल म्हटलं नव्हतं.

यंत्र बंद करायच्या दिवशी सकाळी मी तिचा पास काढला. तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि हातात स्टीलचा डबा होता. गेटवरच्या माणसाने डबा उघडून पाहिला, घुगऱ्या होत्या, त्याने मूठभर घेतल्या. इंजिनीयर बाईने आम्हाला खोलीपर्यंत आणून सोडलं आणि काही न विचारता ती बाहेर थांबली. एका बाजूला नवी कपाटं घोंघावत होती. भिंतीशी एक जुनं उरलं होतं. मी बोट दाखवलं.

बायकोने त्यावर तळहात ठेवला. "अंग गरम आहे हिचं," ती म्हणाली. मी म्हणालो, नेहमीच असतं. मग ती जाळीशी वाकली आणि काहीतरी बोलली. नव्या मशिनांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, पण काय बोलली ते मला माहीत होतं. मी तिच्या पाठीत हळूच एक धपाटा घातला. रीत असते ती.

मग मी यंत्र बंद केलं. त्याचा पंखा फिरत फिरत थांबला. बायकोने हात काढला नाही.

"गार व्हायला वेळ लागतो का हो?"

"लागतो थोडा."

"मग थांबू या," ती म्हणाली. आम्ही थांबलो.