कापता न येणारा फोटो

मुरुमच्या बाजारात एक कुजबुज बरीच वर्षं फिरत होती. फोटोवाली अक्षदा म्हणे स्वतःच्या लग्नाआधी एका लग्नघरात दाराच्या फटीला डोळा लावून उभी असलेली सापडली. ती काय बघत होती, यावर मात्र एकमत नव्हतं. कुणी म्हणे नवरदेव, कुणी म्हणे दागिन्यांचा डबा. पानवाला मल्लेश दोन्ही सांगायचा, गिऱ्हाईक बघून.

तिच्या कामानं या बोलण्याला खतपाणीच मिळालं. समोर उभं राहून सरळ फोटो काढणं बाईला जणू ठाऊकच नव्हतं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातून ती शेतकरी टिपायची, पाळण्याच्या दोऱ्यांमधून बाळ, मांडवाच्या खांबांमधून वरात. "मोकळ्यात माणूस हरवतंय," ती म्हणायची. "भवती चौकट घातली की बघणाराची नजर दुसरीकडं जातच न्हाय." लोक तिचे फोटो कौतुकानं भिंतीवर लावायचे आणि पानाच्या टपरीवर येऊन म्हणायचे, फटीतनं बघायची खोड काय गेली न्हाय बघा.

मग जळकोटची हळद आली. नवरी आरोही. वडील वारलेले, त्यामुळं लग्न अंगावर घेतलं होतं चुलत्यानं, अमरसिंहानं. माणूस मिशीला तेल लावूनच बाहेर पडणारा. मांडवातला खांबसुद्धा त्याला विचारून उभा राहायचा.

हळदीच्या आधी आरोही अक्षदाच्या कानाशी लागली. "ताई, आईचा माझ्यासंगं एक तरी फोटो काढा. काका म्हणतात, सवाष्णींच्या कामात आईनं पुढं यायचं न्हाय."

अक्षदानं वळून पाहिलं. कस्तुराबाई माजघराच्या दारात उभी होती. पाऊल उंबऱ्याच्या आत, मान बाहेर. लेकीच्या हळदीचं वाटण पहाटे तिनंच वाटलेलं, बोटं अजून पिवळी होती.

आरोहीचा पाट अक्षदानं जरा सरकवून घेतला, उजेडाचं निमित्त सांगून. मग अंगणात चक्क मांडी घालून बसली. सवाष्णी दोन्ही बाजूंनी वाकल्या, हळदीचे हात नवरीच्या डोक्यावर एकत्र आले, हिरव्या बांगड्यांची कमान झाली. कमानीखाली आरोही. आणि कमानीच्या वर, सगळ्यांच्या चेहऱ्यांच्या ओळीत, दाराच्या चौकटीत बरोब्बर मधोमध, कस्तुराबाई.

तिनं बटण दाबलं. अमरसिंह घाईघाईनं कडेला येऊन उभा राहिला होता, त्याची अर्धी मिशी तेवढी आली.

अल्बम पोचला आणि अमरसिंह तो काखेत मारून थेट मुरुमला आला.

"पयल्याच पानावर हे काय लावलंस?"

"हळद हाय, काका."

"हळद दिसतीय मला. वहिनीला काप त्यातनं."

अक्षदानं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं फिरवला. "दाखवा तुम्हीच, कुठनं कापू?"

त्यानं वरून बोट फिरवलं. "असं गेलं तर सगळ्या सवाष्णींची मुंडकी जात्यात," ती म्हणाली. "त्यात काकूपण हायेत. घरी काय सांगणार?" त्यानं उजवीकडून बोट आणलं, तर नवरीच निम्मी कापली जात होती.

"मंग मला बरं कडेला ठेवलंस?"

"तुम्ही येऊन उभा राहिला तिथं. तुम्हाला कापायला सोपं जाईल. कापू?"

मल्लेश टपरी सोडून दारात आला होता. त्यानं खोकून हसू दाबलं.

अमरसिंहाची मिशी थरथरली. "मशीनवर पुसून टाक की. हल्ली सगळं व्हतंय."

"व्हतंय. मी करत न्हाय."

"लई झालं. उमरगा, तुळजापूर, कुठंच तुला हळद मिळू देणार न्हाय मी."

"बघा प्रयत्न करून. च्या घेणार का?"

तो चहा न घेता गेला. अक्षदानं कस्तुराबाईला फोन लावला, जे घडलं ते सांगितलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला त्रास व्हणार असंल तर अल्बममधनं काढून टाकते मी तो फोटो."

पलीकडून कस्तुराबाईनं उलट विचारलं, "केवढा मोठा व्हतोय गं त्यो?"

तो दुकानाच्या काचेत लागला, दारभर मोठा. बाजारादिवशी कस्तुराबाई स्वतः आली, पिशवी खाली ठेवून काचेसमोर उभी राहिली. मल्लेशला राहवलं नाही. "मावशी, अमरसिंहदादांना कळलं तर?"

"कळू दे की. त्यास्नी दिसावा म्हणूनच लावलाय एवढा."

अमरसिंहानं शब्द पाळला. त्या वर्षी अक्षदाच्या हातून खरंच काही हळदी गेल्या. तिनं काच रोज पुसली, फोटो हलवला नाही. हळूहळू लांबच्या गावांतल्या नवऱ्या येऊन काचेकडं बोट दाखवायला लागल्या. "ताई, आमच्या आईचा असा काढाल?"

आता त्या फटीचं. ते लग्न तिच्या सख्ख्या भावाचं होतं. तिची आईही विधवा होती आणि दारात उभी राहून बघत होती. फोटोग्राफर म्हणाला, त्या बाई फोटोत येतात, दार लावून घ्या. दार लावलं गेलं. अक्षदा आतल्या बाजूला होती, आईजवळ. दोघी आळीपाळीनं फटीतून लग्न बघत होत्या.