ओला खांदा

माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. दात येत होते, त्यामुळे त्याची लाळ सारखी गळायची. मी कोल्हारहून शेजारच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायचे आणि दिवसभर तो थोरल्या जाऊबाईंकडे असायचा. त्यांची दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी होती. त्या सांभाळत होत्या म्हणून माझी नोकरी टिकली, हे मला कळत होतं. तरी संध्याकाळी स्कूटी लावताना तो त्यांच्या खांद्यावर दिसला की माझा जळफळाट व्हायचा.

एक दिवस नववीच्या धड्यात 'ड्रूल' हा शब्द आला. मी सांगितलं, ड्रूल म्हणजे लाळ गळणं. बाळाची, झोपलेल्या माणसाची, भाकरीकडे बघणाऱ्या कुत्र्याची. दुसऱ्याच्या वस्तूकडे हावरटासारखं बघणाऱ्यालाही इंग्रजीत हाच शब्द लावतात, जसं आपण लाळ गाळणं म्हणतो. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हा शब्द आला कुठून?" मधल्या सुट्टीत मोबाईलवर शोधलं. 'ड्रिव्हल' या जुन्या शब्दाचं ते आखूड झालेलं रूप असावं, असं दिलं होतं. ड्रिव्हल म्हणजे आधी तोंडातून गळणारी लाळ, आणि पुढे निरर्थक बडबड. मला माझं पोरगं आठवलं. तेही लाळ गाळत दिवसभर बा-बा-बा करत होतं, आणि ते सगळं जाऊबाईंच्या कानात जात होतं.

घरी आले तर त्यांच्या ब्लाउजचा खांदा ओला होता. मी नगरहून आणलेली लाळेरी कपाटातच होती. त्याच्या गळ्यात त्यांच्या जुन्या सुती साडीचं लाळेरं होतं.

"ते दुकानातलं टोचतं त्याला," त्या म्हणाल्या.

मी हात पुढे केले. त्याने तोंड फिरवलं आणि त्यांची मान घट्ट धरली. तरी मी त्याला ओढून घेतलं. तो इतका रडला की शेवटी मलाच तो परत द्यावा लागला.

"भूक लागली आसंल," त्या माझी समजूत घालत म्हणाल्या. "आज काय शिकवलंस शाळेत?"

मी तुटकपणे शब्द आणि अर्थ सांगितला. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा ओट्यावर शेजारणी जमल्या होत्या आणि जाऊबाई माझ्या मुलाची हनुवटी पुसत सांगत होत्या, "बघा, लई डरूल करतंय आमचं पोरगं." सगळ्या हसल्या, तोही हसला. माझा शब्दही त्यांनी घेतला, असं मला वाटलं. 'आमचं' हे तर त्याहून लागलं.

पुढच्या आठवड्यात त्या माहेरी पुणतांब्याला गेल्या आणि मी रजा टाकली. पहिल्या दिवशी तो दाराकडे बघून रडत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खांद्यावर झोपला आणि खांदा चिंब झाला. हात अवघडला तरी मी हलले नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन आला. "रडतंय का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. तो जागा झाला होता. मी फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून आवाज येताच तो बा-बा-बा करत सुटला. माझा पुन्हा जळफळाट झाला. तरी फोन मी काढून घेतला नाही.