बॅटरीचा दोष

आमची जुनी मोटरसायकल आज पुन्हा दारातच अडून बसली. हॉर्नसुद्धा घोगरा वाजला. किक मारून मारून दमल्यावर आमचे हे करवादले, "या बॅटरीतच दम नाही. नवीन टाकतो."

मागच्या वेळी टाकलेली बॅटरी तरी कुठे जुनी झाली होती! दसऱ्याला पाइप लावून गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, वर रंगीत दिवे जोडले. इंजिनाकडून बॅटरी चार्ज करणारी वायर मात्र सीटखाली हिरवी पडून जळाली, तिकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी सीट उघडून दाखवली, तर म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. उजेड हवा, हॉर्न हवा, दिव्यांची झगमग हवी. पण जिच्याकडून हे सगळं घ्यायचं, तिच्यापर्यंत काही पोचतंय का, हे बघायला कुणाला सवड नाही. ती थकली की खोट तिच्यातच.

तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, चहाचं काय झालं? हल्ली फार लवकर थकतेस बाई तू. एखादं टॉनिक घे."

मी तिथेच पायरीवर बसले आणि ह्यांना म्हटलं, "टॉनिक राहू द्या. आज चहा तुम्ही टाका."