जेवू घातलेली गोधडी

दोंडाईच्याच्या फलाटावर मायनं गोधडी माझ्या हातात दिली नाही, थेट डोक्यावर ठेवली. एका हातात ट्रंक होती, दुसऱ्या हातात पिठाचा डबा. एक्क्याण्णव साल. लग्नाला चार महिने झाले होते आणि नवरा मला सुरतेला न्यायला आला होता. तिथल्या उधन्याला कापडाच्या लूमवर लागला होता तो. गाडी येताना दिसली तेव्हा मायनं निदान डोळ्याला पदर लावावा अशी माझी अपेक्षा होती. तिनं सूचनांचा सपाटा लावला. नळाचं पाणी उकळून पी, ट्रंकेवर नजर ठेव, कोणी काही खायला दिलं तर घेऊ नको. शेवटची सूचना गाडी हलल्यावर आली, खिडकीच्या गजाला धरून चालता चालता. "तठे गोधडी शिवशी तं तिले उपाशी ठेवजो नको!"

तिथे गोधडी शिवलीस तर तिला उपाशी ठेवू नको, हे ऐकून डब्यातली माणसं हसली. मला हसू आलं नाही. आमच्या घरी गोधडी शिवून होत आली की शेवटचा कोपरा बंद करण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवतात. गोधडी भरल्या पोटाची असली की तिच्याखाली निजणारा उपाशी राहत नाही, असं मानतात. मानतात म्हणजे काय, कोणी त्यावर विचार करत बसत नाही. हात आपोआप ते करतात.

उधन्याची खोली दहा बाय दहाची होती. भिंतीपलीकडे लूम, आणि तिची खडखड दिवसभर. खडखडीची सवय पंधरा दिवसांत झाली, पाट्यांची काही होईना. मराठी सातवी पास मी, गावात पोस्टाची पत्रं लोकांना वाचून दाखवायचे, आणि इथे बसवरची गुजराती पाटी वाचता येईना. दोनदा चुकीच्या बसमध्ये चढून थेट कडोदऱ्याला उतरले. सुरतेनं मला एका दिवसात अडाणी केलं, हा राग माझ्या मनात बरेच दिवस होता. दुसरा राग कापडाचा. गल्लीबोळातून कापडाचे ताके वाहायचे, चिंध्यांचे ढीग पडलेले असायचे, पण सगळं चकचकीत आणि घसरणारं. सुई टोचावी तर निसटतं, अंगावर घ्यावं तर घाम फुटतो. सगळ्या देशाला साड्या नेसवणाऱ्या गावात मला गोधडीजोगा एक सुती तुकडा मिळेना. आखाजीच्या सणाला माहेरी आले की तुम्ही गावाकडची माणसं मला विचारायचात, 'सुरत कशी आहे?' मी 'छान आहे' म्हणायचे. खोटं बोलायचे.

मग प्लेगचं वर्ष आलं. सगळे पळाले तसे आम्हीही पळालो आणि महिन्याभरानं परतलो. सगळे मात्र परतले नाहीत. नानपुऱ्यात जरबाई म्हणून एक म्हाताऱ्या पारशी बाई एकट्या राहायच्या, त्यांची कामवाली गावी गेली ती गेलीच. शेजारणीनं मला तिथे नेलं. जरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "अंडां खाय छे?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना माझी मनापासून कीव आली, हे चेहऱ्यावर दिसलं. पण काम मिळालं.

त्या घरात सामान इतकं होतं की झाडू मारायला वाट शोधावी लागायची. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उलगडलं आणि मी तिथेच फरशीवर बसले. सहा कोनांचे, तळहाताएवढे तुकडे एकाला एक जोडत नेलेले, मधमाशीच्या पोळ्यासारखे. शेकड्यानं. फुलाफुलांच्या फ्रॉकांचे, रेघांच्या झबल्यांचे, एखाद्या पलंगपोसाचे. आणि सगळं सुती, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं! जरबाईंच्या आईनं मिशनच्या शाळेत शिकलेल्या पद्धतीनं ते जोडलं होतं. अस्तर लावायच्या आधीच ती गेली. आता जरबाईंची भाची रोशन नाताळच्या सुट्टीत कॅनडाहून येणार होती. आईकडचं दुसरं काही द्यायला उरलं नव्हतं, हे एवढंच तिला द्यायचं होतं. जरबाईंच्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं.

मी म्हटलं, "मी करते."

आपल्या गोधडीत चौकोन असतात, पट्ट्या असतात, हाताला येईल तसं ठिगळ असतं. ही तऱ्हाच वेगळी. आधी कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालायचा, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी सांधायचं. सहा बाजूंनी सहा शेजारी मिळाले की कच्चा टाका उसवून कागद काढून घ्यायचा. इथे कागद आतच राहिलेले होते. दुपारी मागच्या ओट्यावर बसून मी ते एकेक काढू लागले. काही शाळेच्या वहीतले, काही पत्रांतले, एक डॉक्टरच्या चिठ्ठीचा. सगळ्यांवर गुजराती अक्षरं.

"वांच," जरबाई म्हणाल्या. मी म्हटलं, येत नाही. मग त्यांनी भिंग आणलं आणि कागद हातात घेऊन मला अक्षरं दाखवू लागल्या. आपल्याच अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढली की निम्मं काम होतं, उरलेली घोकायची. शब्द अर्धेच असायचे. एका षटकोनात 'व्हाली', म्हणजे लाडकी, एवढंच, कोणाची व्हाली ते दुसऱ्याच कुठल्यातरी तुकड्यात. आम्ही दोघी ते शोधत बसायचो. पावसाळा लागेपर्यंत मी नानपुऱ्याची पाटी घडघडा वाचायला लागले. ज्या बसनं मला रडवलं, तिच्या कंडक्टरला मी एकदा ऐटीत सांगितलं की पाटी चुकीची लावली आहे. त्यालाही ते पटलं.

श्रावणात अस्तरासकट गोधडी पुरी होत आली. शेवटचा कोपरा राहिला आणि जरबाई आत चहा टाकायला गेल्या. माझ्या डब्यात भाकरी होती, त्यांच्या स्वयंपाकघरात गूळ. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. हात आपोआप चालले. टाका बंद केला, दात लावून दोरा तोडला, गोधडीची घडी पेटीत गेली, वर डांबराच्या गोळ्या.

नाताळच्या चार दिवस आधी रोशन आली. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर पेटी उघडली. गोधडी उलगडत उलगडत कोपऱ्याशी आलो आणि तिथे कोपराच नव्हता. उंदरानं पेटीच्या गंजलेल्या बुडातून वाट काढून नऊ तुकडे फस्त केले होते. दुसरीकडे कुठे दातसुद्धा लावला नव्हता. फक्त तोच कोपरा.

जरबाई उंदराला बोलल्या, पेटीला बोलल्या, गोळ्या कमी टाकल्या म्हणून स्वतःला बोलल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट रोशनला सांगू लागल्या, या पोरीनं डोळे फोडून चार महिने काम केलं आणि बघ. दोन दिवस त्या तो कुरतडलेला कोपरा मांडीवर घेऊन बसायच्या, तिथे कोणती कापडं होती ते आठवायचा प्रयत्न करायच्या. एक आठवलं, त्यांच्या धाकट्या भावाचं झबलं. बाकी आठवेनात. मी तिथेच फरशी पुसत होते.

गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं? उंदीर काही सांगायला येणार नव्हता. आणि सांगितलं तर काम जाईल, तो ओटा जाईल, दुपारची अक्षरं जातील. चार वर्षांत त्या एका घरात मला कोणी नावानं हाक मारत होतं. घरी नवऱ्यानं सल्ला दिला, "गप ऱ्हाय. मोठा लोकेसना मामला शे." तिसऱ्या दिवशी मी फडकं बादलीत टाकलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या गुजरातीत. भाकरी मी ठेवली. उंदीर माझ्यामुळे आला. तुमच्या आईची गोधडी मी खाऊ घातली.

जरबाईंना आधी काही कळेना. "भाकरी? गोदडीमां? केम?"

"उपाशी राहू नये म्हणून."

त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "अने घी?"

"घी नव्हतं. गूळ होता."

"घी वगर?" त्या रोशनकडे वळल्या. "तो बिचारी भूखी ज रही ने!" आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते नुसतं हसण्याचं नव्हतं, हे मलाही कळत होतं. मी रडत होतेच. रोशन बिचारी दोघींना पाणी देत फिरत होती.

डोळे पुसून झाल्यावर जरबाईंनी सुईदोऱ्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. या गोधडीची हीच तर खुबी, त्या म्हणाल्या. तुकडा गेला तर सहा बाजू मोकळ्या होतात, त्या मापाचा दुसरा बसतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. मी विचारलं, कापड कुठलं? त्यांच्याकडे जुनं सुती आता उरलं नव्हतं. "तारुं लाव," त्या म्हणाल्या. तुझं आण.

माझ्याकडे सुती होतं ते एकच, मायचं लुगडं. मोरपंखी, तीन ठिकाणी फाटलेलं, पुढच्या गोधडीसाठी म्हणून तिनं मागच्या आखाजीला दिलेलं. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन गेले. जरबाईंनी बोटांत धरून पोत पाहिला आणि मान डोलावली. मी नऊ षटकोन कापले, दोन दिवसांत बसवले. रोशन जाताना त्या कोपऱ्यावरून हात फिरवून मला म्हणाली की हा कोपरा मी माझ्या उशाशी घेणार. खरंच घेते की नाही देव जाणे, पण म्हणाली.

जरबाई आता नाहीत. त्यांच्या जागी चार मजले उभे आहेत. मायही गेली, तिची लुगडी आम्ही बहिणींनी वाटून घेतली आणि वापरून वापरून ती विरली. धड उरले असतील तर तेवढे नऊ तुकडेच, मी कधीही न पाहिलेल्या गावात. मला याचं वाईट वाटत नाही. आभार मात्र वाटतात, आणि ते कोणाला पोचवायचे हे कळत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्हा गावाकडच्यांसाठी, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही.

तुम्ही विचारता, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं? त्याचा निकाल मायनंच लावून ठेवला आहे. नाताळानंतरच्या आखाजीला मी गावी गेले तेव्हा ती सांजोऱ्या तळत होती. मी चुलीशी बसून सगळं कबूल केलं. भाकरी, उंदीर, आणि तिचं लुगडं परक्यांच्या गोधडीला लावलं तेही. मला वाटलं, लुगड्यावरून बोलेल. तिनं झारा कढईच्या काठावर टेकवला.

"ती बाई रागे भरनी का?"

"नही."

"चूक पोटमा घाली?"

"घाली माय."

"मंग आते तू तठलीच शेस," ती म्हणाली, आणि पुढची सांजोरी तेलात सोडली.