चाचांचा जोड

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर मी होतो आणि पाईपच्या कामाला चाचा. वयानं माझ्या वडिलांएवढे, गडमुडशिंगीहून सायकलनं येत. पाईपच्या आट्यांवर सुतळी गुंडाळून वर सफेद्याचा लेप असा लावायचे की त्यांचा जोड कधी ठिबकला नाही. मला त्यांचं कौतुक होतं, धाकही होता.

वाफेच्या लाईनीवरचा एक व्हॉल्व्ह बदलायचा होता. नवा आला तो अमेरिकन आट्यांचा. आमचे पाईप सगळे ब्रिटिश आट्यांचे. पाऊण इंचात दोन्हींना इंचाला चौदाच आटे, त्यामुळं पहिले वेढे निमूट बसतात. पण आट्यांचा कोन निराळा. एरवीपेक्षा लवकर, चार वेढ्यांतच जोड आवळतो, लोखंडाला लोखंड मात्र नीट टेकत नाही, सगळा भार सुतळीवर पडतो. हे मी आयटीआयमध्ये शिकलो होतो. आटे तपासायची फणीही खिशात होती.

"बसलं की," पाना ठेवत चाचा म्हणाले. इतक्यात कसं आवळलं, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मिस्त्रीच्या जोडाला फणी लावायची म्हणजे त्याला तोंडावर अडाणी म्हणायचं. एका नव्या इंजिनिअरनं लावली होती, तर चाचा आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. मी गप्प बसलो. गार पाण्याच्या टेस्टला थेंबही आला नाही, आणि माझ्यासारख्या भित्र्याला तेवढा आधार पुरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा शेजारचा पाईप बघायला वाकले होते. वाफेच्या उष्णतेनं सुतळी करपली होती. व्हॉल्व्ह आट्यांतून निसटून उडाला. मी धावत जाऊन मागची वाफ बंद केली, तोवर त्यांचे हात आणि चेहरा भाजला होता. डोळे वाचले नाहीत.

दवाखान्यात जायला मी आठ दिवस लावले. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"चार वेढ्यांतच आवळलं हुतं. तू बघितलतंस न्हवं?"

"बघितलं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

खोटं बोलायचं ठरवूनच गेलो होतो. जमलं नाही. म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, चाचा."

पट्ट्या बांधलेलं तोंड त्यांनी माझ्याकडं वळवलं.

"आता बरं वाटतंय व्हय मला?"