रुमालाखालची पिकअप

माझ्या बायकोच्या मामांसमोर जगातली कुठलीही किंमत फार वेळ उभी राहू शकत नसे. ती आधी चुळबुळ करी, मग पाय बदली आणि शेवटी मुकाट्यानं खाली बसे. मामा आता नाहीत, आणि त्यांच्या माघारी आमच्या शहरातले भाव जे चढले ते उतरायचं नावच घेत नाहीत. घासाघीस करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझी आई कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता मिळाल्याशिवाय जागची हलत नसे. मी स्वतः एकदा चपलांच्या दुकानात अशी जोरदार हुज्जत घातली की दुकानदारानं शरण येऊन जोड निम्म्या किमतीत दिला, आणि घरी येऊन पाहतो तर दोन्ही चपला डाव्या पायाच्या. पण ही सगळी तोंडाची कामं. मामा भाव करताना तोंड उघडतच नसत.

ते दुकानात येत, बसत आणि गप्प होत. मामा गप्प झाले की खोलीतलं बाकीचं सगळं ऐकू यायला लागे: पंख्याची कुरकुर, घड्याळाचा काटा, समोरच्याचं आवंढा गिळणं. पापणी तर क्वचितच हलायची. आणि नजर लावलेली असायची समोरच्याच्या गळ्यावर. मी एकदा धीर करून कारण विचारलं. ‘‘आकडा पोटातून वर येतो जावाईबापू,’’ मामा म्हणाले, ‘‘अन् गळ्यापाशी अडकतो. तिथं दिसतो.’’ त्या दिवसापासून मामांकडे जाताना मी शर्टाचं वरचं बटण लावू लागलो.

आमच्या लग्नाचा बस्ता औरंगपुऱ्यात बांधला तेव्हाची गोष्ट. दुकानदार पैठणीची किंमत सांगून मोकळा झाला आणि मामा त्याच्या गळ्याकडे बघत बसले. त्यानं आपण होऊन थोडं कमी केलं. मामा बसलेलेच. त्यानं आणखी कमी केलं, मग आणखी. बाहेर गल्लीत रिक्षांचा गोंगाट चालला होता, पण तोसुद्धा कुठं तरी लांब गेल्यासारखा वाटायला लागला. शेवटी तो भला माणूस गल्ल्यावरून उतरून मामांजवळ आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘मामा, काय असंल ते एकदाचं सांगून टाका. आमच्या घरी सगळे बरे हायेत ना?’’ पैठणी आम्हाला निम्म्यात मिळाली. दुकानदार मात्र भर लग्नसराईत दुकान बंद करून धावत घरी गेला म्हणे.

या सगळ्याचं मूळ शहरातल्या छावणी भागातल्या जनावरांच्या बाजारात होतं. मामांची उमेदीची वर्षं तिथं बैल घेण्या-विकण्यात गेली. त्या बाजारात भाव बोलून होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. बात शेकड्याची की हजाराची, एवढंच आधी तोंडानं ठरवायचं. भोवती माणसांचा गराडा, पण सौदा कुणाला कळायचा नाही. आणि रुमालाखाली एकदा धरलेलं बोट म्हणजे दिलेला शब्द. तो परत घेणाऱ्याला पुन्हा बाजारात कुणी हात देत नसे. मामांनी बाजार सोडला तरी राखी रंगाचा तो रुमाल खांद्यावरून उतरला नाही. घरात त्याला कुणी शिवत नसे. दुपारी मामा खुर्चीत डोळे मिटून बसत, रुमाल मांडीवर, हात रुमालाखाली, आणि रुमाल हळूहळू हलत असे. ‘‘झोपेत भाव करतोय,’’ माझी सासू सांगायची. मीही ते हसण्यावारी नेलं असतं, पण तो रुमाल दोन्ही बाजूंनी हलत असे.

अशा माणसाला पिकअप घ्यायला बरोबर नेण्यात माझं शहाणपण काही नव्हतं, निकड होती. चितेगावच्या कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी मी सोडली होती. साहेबाला चारचौघांत बाणेदार उत्तर देऊन सोडली होती, आणि ते उत्तर नेमकं काय होतं हे घरी पोचेपर्यंत विसरूनही गेलो होतो. बायकोनं तीनतीनदा विचारलं तरी आठवेना. उस्मानपुऱ्यातल्या एका बेकरीवाल्यानं पैठण रोडच्या गावांना पाव पोचवायचं काम देऊ केलं होतं. अट एकच: महिनाअखेरीपर्यंत दारात स्वतःची गाडी हवी. बँकेचं कर्ज आणि फंडाचे पैसे एकत्र करूनही गाडी माझ्यापासून तीस हजारांनी लांब उभी होती. ते तीस उतरले तर मी धंदेवाला, नाहीतर पुन्हा कारखान्याच्या फाटकात, त्याच साहेबासमोर, हात जोडून. त्यात मी आधीच शोरूममध्ये एकटा जाऊन घोळ घालून ठेवला होता. पांढरी शुभ्र पिकअप बघताच ‘‘वा, हीच!’’ असं ओरडलो होतो, तिच्या बॉनेटवरून मायेनं हात फिरवला होता, आणि सेल्समननं पाजलेल्या कॉफीच्या भरात त्याला बेकरी, महिनाअखेर, साहेब, सगळं सांगून बसलो होतो. आता तो एक रुपया सोडायला तयार नव्हता. हे ऐकून मामा बराच वेळ माझ्या गळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक बी तुमीच, अन् त्याचे दलाल बी तुमीच. लई झाक.’’

भर दुपारी आम्ही जालना रोडवरच्या त्या शोरूममध्ये शिरलो. ‘‘तीस उतरले की मी पापणी मिटीन,’’ मामांनी दारातच बजावलं. ‘‘तवर तुमी भिंतीकडं बघा.’’ त्यांनी चपला बाहेर काढल्या, अनवाणी पायांनी पिकअपला एक सावकाश फेरी मारली, आणि बैलाच्या बरगडीला लावावा तसा बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला. सेल्समन माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीकडे.

‘‘काय ऐकू येतंय मामा?’’ मी कुजबुजलो.

‘‘रिकामं हाय,’’ मामा म्हणाले. ‘‘अजून कुणी शिरलं नाय.’’

एसी चालू होता, तरी माझ्या पाठीला घाम फुटला. सेल्समननं मोठ्या उत्साहानं एक्स-शोरूम, ऑन-रोड, इन्शुरन्स असा पाढा सुरू केला. मामा बसले आणि त्याच्या टायच्या गाठीवर नजर लावून गप्प झाले. सेल्समननं टाय सैल केला. सीट कव्हर फुकट दिलं. पायातल्या मॅट दिल्या. ताडपत्री दिली. मग कुणी विचारलेलं नसताना आपलं लग्न कसं मोडलं ते सांगितलं, आणि घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला जो गेला तो परत आलाच नाही. त्याच्याऐवजी मॅनेजर आले. जुन्या शहरातले, पन्नाशीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे गृहस्थ.

‘‘चाचा,’’ ते हसत म्हणाले, ‘‘मेरे लोगां को कायको डरा रहे?’’

मामांनी खांद्यावरचा रुमाल काढून टेबलावर पसरला, उजवा हात त्याखाली घातला आणि म्हणाले, ‘‘हजाराची बात.’’

मॅनेजरांचं हसू हळूहळू विरलं. ‘‘ये तो हमारे दादा का काम था,’’ ते म्हणाले. ‘‘छावनी में दलाल थे वो.’’

‘‘ठावं हाय. बस.’’

मॅनेजरांनी खुर्ची ओढली आणि अस्तनी सारून हात रुमालाखाली घातला. रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज काचेपाशी येऊन थांबत होता. रुमालाला लाटा उठत होत्या, विरत होत्या. मॅनेजरांचा चेहरा आधी अवघडलेला, मग लहानपणीचा एखादा खेळ आठवावा तसा खुललेला, आणि मग एकदम गंभीर. मी भिंतीकडे बघायचं केव्हाच सोडून दिलं होतं. आणि मामांनी पापणी मिटली.

गाडी माझी झाली होती! गप्प उभं राहायचं एवढंच काम मला उरलं होतं. पण आनंदाच्या भरात मला वाटलं, गाडी आपली, तेव्हा शेवटचा हातही आपणच द्यायला हवा. मी वाकलो आणि रुमालाखाली हात घातला.

आत गारठा होता. माझ्या बोटांना एक हात लागला. सुका, खरबरीत, दोर ओढून ओढून राठ झालेला आणि विहिरीच्या तळासारखा गार. तर्जनी अर्ध्यातच संपलेली. मामांची दहाही बोटं शाबूत होती, मॅनेजरांचीही होती. दचकून हात मागे ओढावा हे माझ्या डोक्याला कळत होतं, पण हातानं भलतंच केलं. त्यानं तो पंजा अख्खाच्या अख्खा घट्ट धरला.

रुमालाचा गोळा झालेला मामांनी पाहिला. ‘‘झालं,’’ ते म्हणाले. ‘‘जावायानं पाच वाढवले.’’

‘‘मामा, मी दचकलो हो!’’

‘‘दचकून दिले तरी दिले.’’

पाच हजार! कारखान्याचं फाटक डोळ्यांपुढे उघडायला लागलं. बाणेदार उत्तराच्या जागी आता माफीची वाक्यं जुळवावी लागणार होती. मी मॅनेजरांकडे केविलवाणं पाहिलं, तर त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. एका हातात पेनसुद्धा होतं.

‘‘मेरा हाथ तो कब का बाहर है भाईसाब,’’ ते म्हणाले. ‘‘आपने किसका पकड़ा?’’

मी आपल्या तर्जनीवर अर्ध्यात बोट ठेवून दाखवलं. मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, ‘‘दादा की उंगली बैल के रस्सी में गई थी. हम बच्चे उसको पकड़ के चलते थे.’’ त्यांनी घसा खाकरला. ‘‘गाड़ी उसी भाव में ले जाव. तीस कम. ऊपर के पाँच मेरे को नहीं दिए आपने, वो मेरे को नक्को.’’

‘‘बराबर हाय,’’ मामा रुमाल झटकून खांद्यावर टाकत म्हणाले. ‘‘ती दलाली हाय. ज्याची त्याला.’’

मेलेल्या दलालाची दलाली द्यायची कशी, तेही मामांनीच ठरवलं: पहिल्या महिन्याच्या कमाईतून त्याच्या नावानं बाजारातल्या जनावरांना चारा. मी लगेच कबूल झालो, कारण घरी पोचेपर्यंत मला सगळा उलगडा झाला होता. मॅनेजरांनी हात काढून घेतला आणि मामांनी आपलं एक बोट दुमडून माझ्या हातात दिलं, झालं! एसीमध्ये तासभर बसलेल्या म्हाताऱ्याचा हात गार लागायचाच. समोर दलालाचा नातू आहे हे मामांना आधीच ठाऊक होतं, आणि आजोबाचं नाव निघाल्यावर नातू घासाघीस काय करणार? कसला बेरकी माणूस! महिनाभर मी पैठण रोडच्या गावोगावी पावाबरोबर ही हकिगतही पोचवत होतो.

महिना भरल्यावर बाजाराच्या दिवशी मी पिकअप भरून हिरवा मका छावणीत नेला. मामा बरोबर होते. जनावरं बेताचीच होती. माणसं मोबाइल कानाला लावून मोठमोठ्यानं भाव बोलत होती, खांद्यावर रुमाल एकट्या मामांच्याच होता. आम्ही चारा टाकला. बैल खात होते आणि मामा त्यांच्यात उगीचच उभे होते, कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.

‘‘जावाईबापू, खरं सांगा,’’ ते एकदम म्हणाले. ‘‘हात गार होता का ऊन?’’

मी हसलो. ‘‘मला काय विचारता मामा? बोट दुमडलं तुम्ही!’’

मामांनी माझ्याकडे पाहिलं. गळ्याकडे नाही, डोळ्यांत. ‘‘तुमी वाकले तव्हा माझा हात खिशात होता,’’ ते म्हणाले. ‘‘चष्मा काढीत होतो. मॅनेजर काय लिहितो ते बघाया.’’

शेजारचा एक बैल खायचं थांबून मान वर करून उभा राहिला. माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, ते पुसायचं कसं ते कळेना.

‘‘लई वर्सं झाली त्याला जाऊन,’’ मामा म्हणाले. ‘‘त्याच्याबिगर एक जनावर घेतलं नाय मी. वाटायचं, कव्हा तरी हात देईल. मला नाय दिला. तुमाला दिला.’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेवा होता. लहान पोराला वाटतो तसा. ‘‘म्हणून इचारतो. कसा होता?’’

माझ्या तळहातावर तो गारठा अजून होता. खरं सांगायचं तर आजही आहे.

‘‘ऊन होता मामा,’’ मी म्हणालो. ‘‘चांगला ऊन होता.’’

‘‘व्हय,’’ मामा समाधानानं म्हणाले. ‘‘हिवाळ्यात बी ऊनच असायचा.’’

मग ते गाडीत चढले. पुढच्या लांब सीटवर ऐसपैस जागा होती, तरी मामा पार दाराला चिकटून, अंग चोरून बसले आणि मधली जागा त्यांनी मोकळी सोडली. मी गाडी चालू केली, आणि गिअर टाकताना माझं कोपर मधे कुणाला लागणार नाही अशा बेतानं अंगाशी धरलं.