पहिल्या पानावर मी टाकलेला एक शब्द

एका दुष्काळी वर्षी मी अहमदपूरला एका साप्ताहिकात डीटीपी करायचे, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचे. मतदानाला आठ दिवस राहिले होते, आणि दुपारी पहिल्या पानाचा मजकूर माझ्या टेबलावर आला...

'नवा जिल्हा नक्की! गावोगावी पाणी पोचले, मतदार समाधानी.' सोबत उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. मजकूर थेट त्याच्या प्रचार कार्यालयातून, पैशांसकट आलेला.

पाणी पोचलेल्या गावांच्या यादीत रेणापूर तालुक्यातलं माझं माहेर होतं. आणि सकाळीच माय फोनवर सांगत होती, पाच दिवस झाले, टँकर फिरकलाच नाही...

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, हे खोटं आहे. यात माझंच गाव आहे. निदान वर 'जाहिरात' असं तरी छापू या."

"ताई, तुम्ही टाईप करा. बातमी कशाला म्हणायचं ते मी बघतो."

जागेवर येऊन बसले. घरात माझ्या पगाराची गरज होती... तरी फोटो जरा खाली सरकवला, मथळ्याच्या वर ठळक अक्षरात 'जाहिरात' टाईप केलं आणि सरांना न दाखवताच पान प्रेसला पाठवून दिलं.

अंक निघाला त्या दिवशी सकाळी दहालाच सरांचा फोन. "उद्यापासून येऊ नका." उमेदवाराची माणसं ऑफिसात येऊन बसली होती म्हणे.

रडले. खोटं कशाला सांगू...

संध्याकाळी मायचा फोन आला. माय चौथी शिकलेली, पण वाचते खणखणीत.

"जय भीम, बाई. त्या उमेदवाराचा मानूस सकाळीच आलता समाजमंदिरापाशी, पेपर वाटून राहिला व्हता. म्हने, बघा, छापून आलंय, तुमच्या गावाला पानी आलं!"

"मग गं?"

"मग काय... मी वाचून दाखवलं सगळ्या बायांला. पैलाच शबुद जाहिरात! म्हनलं, दादा, ही बातमी न्हाई, तुमची जाहिरात हाय. बाया लई हसल्या. गठ्ठा उचलून गेला निघून."

मी सांगितलं, तो शब्द मीच टाकला. काम गेलं.

माय म्हणाली, "जाऊ दे. काम दुसरं भेटंल. जेवलीस का?"

तो उमेदवार निवडून आला, हेही सांगायला हवं. नवा जिल्हा अजून भाषणातच आहे. पण मायच्या वस्तीत त्या दिवशी कुणी फसलं नाही...

आता माझं स्वतःचं छोटं डीटीपी सेंटर आहे. परवा एक कार्यकर्ता आला, "मॅडम, अगदी बातमीसारखं दिसलं पाहिजे." मी कागद त्याच्या हातात परत दिला.

मत कुणाला द्यायचं ते लोक ठरवतील. पण आपण वाचतोय ते विकत घेतलेलं कौतुक आहे, हे त्यांना कळलंच पाहिजे. निदान माझ्या कॉम्प्युटरवरून तरी ते लपवलं जाणार नाही.